बोटभर काच

“दार लाव रे सुपड्या. बाहेरची सगळी थंडी माझ्या मांडीवर आणून बसवतोस का?”

कलिंदर उस्तादांनी हे त्या सकाळी कितव्यांदा म्हटलं, देव जाणे. मी केबिनमध्ये चढलो, दार ओढून घेतलं आणि हात काखेत घालून बसलो. दिवस उजाडून बराच वेळ झाला होता, पण समोर काही दिसत नव्हतं. म्हणजे ढाबा होता, ढाब्याच्या आवारात आमच्यासारख्याच अडकलेल्या गाड्या होत्या, त्यापलीकडे अंबाल्याचा हमरस्ता होता. पण धुकं असं की आमच्या गाडीचा बंपर मला दिसेना. पुढं रस्त्यावर गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या म्हणे, आणि पोलिसांनी सगळ्यांना जिथल्या तिथं थांबवलं होतं.

“काय बघून आलास?”

“मागचा केळीचा घड बघून आलो.”

“मघाशी हिरवा होता ना?”

“होता.”

“आणि आता?”

“आताही हिरवाच आहे.”

“मग त्याला दृष्ट लावायला जातोस काय सारखा? बूड टेकव जरा. आणि तो पाय हलवू नको.”

मी पाय हलवत होतो हे मला कळलंही नव्हतं. मला ते कधीच कळत नसे. लहानपणापासून माझ्या पायांना स्वस्थता म्हणून ठाऊक नाही. जेवताना पाय हलायचे, शाळेत हलायचे, कीर्तनात हलायचे. बसून पाय हलवू नये, घरातली लक्ष्मी निघून जाते, असं म्हणत आईनं कितीदा तरी गुडघ्यावर फटका मारला असेल. शिंप्याच्या दुकानात राहिलो, दोन आठवड्यांत पळालो. कापसाच्या जिनिंगमध्ये राहिलो, तिथूनही पळालो. शेवटी आईच म्हणाली, तुझ्या पायाला भिंगरी आहे बाबा, तुला चाकंवालीच नोकरी पाहिजे. तिचं खरं ठरलं. स्टिअरिंग हातात आलं आणि पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला या जगात कुठंतरी जागा आहे.

पण ती जागा अजून माझी झाली नव्हती. सावद्याच्या भंगाळे अण्णांनी मला केळीच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर म्हणून चढवलं होतं, तेही फक्त अजमावायला. निघताना त्यांनी सगळ्यांदेखत उस्तादांना सांगितलं होतं, “कलिंदर, जम्मूला माल उतरवून परत आलास की मला एकच गोष्ट सांग. पोरगा ठेवायचा की नाही. तू म्हणशील ते.” उस्तादांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं होतं. नजर पायांवर आली तशी थांबली. पाय हलत होते.

कलिंदर तडवी म्हणजे सावदा-रावेर पट्ट्यातलं मोठं नाव. पाल बाजूच्या डोंगरातला माणूस. अंगानं किरकोळ, आवाज मात्र मागच्या गाडीला ऐकू जाईल असा. इतकी वर्षं केळी उत्तरेला नेत होते, पण त्यांच्या गाडीतून काळा पडलेला घड कधी उतरला नाही, असं लोक म्हणायचे. थंडीत हे सोपं नसतं. केळी उन्हाळ्यात उबते म्हणून ताडपत्री उघडी ठेवावी लागते, आणि थंडीत वारा लागला की तिला चरका बसतो. वरून हिरवी दिसते, पण दोन दिवसांनी साल काळवंडते आणि मग ती पिकतच नाही. म्हणून उस्ताद दर खेपेला एक घड मागच्या फाळक्याशी, हाताला लागेल असा बांधायचे. मालावर काय गुदरतंय ते सगळ्यांत आधी त्या घडाला कळायचं. त्या घडाचं निमित्त करून मी सारखा उतरत होतो, एवढंच.

सावद्यापासून दिल्लीपर्यंत उस्तादांनी मला थंडीतली गाडी शिकवली होती. शिकवणं म्हणजे शिव्याच, पण त्यात कामाची गोष्ट असायची.

“मोठा दिवा विझव. धुक्यात मोठा दिवा लावणं म्हणजे आपल्याच डोळ्यांत चुना टाकणं.”

“त्याच्या मागच्या लाल दिव्याला चिकटून चाललास तू. तो खड्ड्यात गेला तर तू पण जाशील का? जाशीलच. सूट मागं.”

“पुलावर ब्रेक दाबू नको. रस्ता कोरडा असला तरी पूल ओला असतो. आधीच वेग कमी कर.”

आणि सगळ्यांत जास्त वेळा जे सांगितलं ते हे, “काच बोटभर उघडी ठेव. कितीही गारठा असो. आतून काच धुरकटत नाही, आणि बाहेरचं ऐकू येतं. धुक्यात डोळे कामाचे नाहीत, कानानं चालवायची गाडी.”

मी बोटभर काच उघडी ठेवायचो. वारा कानशिलावर असा यायचा की कान आहे की गेला ते चाचपून बघावं लागायचं. पण उस्ताद सांगतात म्हणजे ठेवायचो. मला नोकरी पाहिजे होती.

दिल्ली मागं पडल्यावर घोटाळा झाला. एका बाभळीची फांदी रस्त्यावर झुकली होती. धुक्यात ती दिसली नाही आणि मागची ताडपत्री टरकन फाटली, चांगली दाराएवढी. गाडी मी चालवत होतो. मला वाटलं, संपलं आपलं. उस्ताद खाली उतरले, फाटलेल्या जागेतून हात घालून केळीवर पसरलेला पाला चाचपला. त्यांनी केबिनमधून आपली गोधडी काढली, माझी गोधडी काढली, त्यांच्या बायकोनं बांधून दिलेलं घोंगडंही काढलं आणि ते सगळं त्या भोकात केळीवर दाबून दाबून बसवलं.

“उस्ताद, आपल्याला काय?”

“आपल्याला काय व्हायचंय? आपण काय काळे पडणार आहोत? आधीच आहोत.”

ते हसले. मीही हसलो, पण दात वाजत होते म्हणून हसू धड आलं नाही.

आणि आता आम्ही या ढाब्यावर होतो. अंगात एकेक स्वेटर, बाहेर ते पांढरं काहीतरी, आणि गाडी थांबल्यामुळं इंजिनचीही ऊब गेलेली. इंजिन चालू ठेवा म्हटलं तर उस्ताद म्हणाले, “डिझेल तुझा बाप भरणार का?” रात्रभर गाडी हाकून दोघांचेही डोळे चुरचुरत होते. धुकं फिटेपर्यंत झोप काढायची, म्हणजे पुढं जम्मूपर्यंत दम टिकेल, असं ठरलं होतं. पण थंडीनं झोप कुठली लागते? उस्ताद कुडकुडत होते. वय झालं होतं त्यांचं, मी तेव्हा ते बघितलं नव्हतं. त्यांची बोटं निळसर दिसत होती.

शेवटी ते स्वतः उतरले आणि ढाब्याच्या भट्टीकडं गेले. ढाबा करमसिंग नावाच्या एका धिप्पाड सरदारजींचा होता. अडकलेल्या ड्रायव्हरांना चहा पुरवता पुरवता त्यांचे हात दुखायला आले होते. उस्तादांनी त्यांना काही विचारलं नाही. डालड्याच्या रिकाम्या डब्यात भट्टीतले निखारे भरले, वर दोन मुठी कोळसे टाकले आणि डबा फडक्यात धरून ते परत आले. आमच्या दोन सीटच्या मधे इंजिनचं जे झाकण असतं, त्यावर त्यांनी तो डबा ठेवला.

“ये आता. हे बघ कसं घरच्यासारखं झालं.”

खरंच छान वाटलं. हात शेकले, नाकाचा शेंडा जागेवर आला. उस्तादांनी आपली काच वर केली. मग माझ्याकडं वाकून माझी बोटभर उघडी काचही वर केली. गिअरच्या दांड्याभोवती फट होती, तिथं त्यांनी फडका कोंबला.

“उस्ताद, काच…”

“ती चालवताना. आता काय चालवतोयस का?”

एरवी त्यांच्याकडं गोधड्या असायच्या, त्यामुळं निखारे आत घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. घरी आमच्याकडं शेगडी ओट्यावर असते, चारी बाजूंनी वारा. आत कोंडलेली शेगडी कशी असते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

उस्ताद सीटवर आडवे झाले. मी माझ्या बाजूला टेकलो. थोडा वेळ बरं वाटलं आणि मग पायांनी आपलं काम सुरू केलं. मला वाटलं, घड बघून यावं. उतरलो. थंडीनं गाल सोलले. घड हिरवा होता. परत आलो.

“दार लाव.”

थोड्या वेळानं वाटलं, मागच्या दिव्यावर चिखल असेल, पुसून यावा. धुक्यात मागचा दिवा स्वच्छ पाहिजे, हे उस्तादांनीच शिकवलं होतं. उतरलो, पुसला, परत आलो.

“दार लाव, अरे दार लाव. सगळी ऊब घालवलीस. पुन्हा निखारे पेटायला किती वेळ लागतो माहीत आहे?”

मग चहाचं निमित्त केलं. मग लघवीचं. दर वेळी दार उघडलं की धुक्याचा लोट आत यायचा आणि उस्ताद झोपेतून दचकून उठायचे. मी त्यांना नुसतं सळो की पळो करून सोडलं होतं. शेवटी ते उठून बसले. डोळे लाल झालेले.

“इकडं बघ, सुपडू.”

सुपडू म्हणाले, सुपड्या नाही. मी ताठ बसलो.

“गाडी चालवणं म्हणजे बसणं. हात, पाय, डोळे, हे सगळं नंतर. आधी बसणं. दिवसचे दिवस एका जागी बसता आलं पाहिजे. तुला जमत नाही. मी सावद्यापासून बघतोय. आता पुन्हा उतरलास ना, तर अण्णांना जाऊन सांगणार, हा पोरगा नको. कळलं?”

“कळलं, उस्ताद.”

“धुकं फिटेपर्यंत तू या सीटवरून हलायचं नाही. पायही हलवायचा नाही.”

आणि ते पुन्हा आडवे झाले.

मी बसलो. कसा बसलो ते माझं मला माहीत. दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. शिंप्याचं दुकान आठवलं, जिनिंग आठवलं, गावातली पोरं कशी खिदळतील ते आठवलं. “आला का परत? तिथूनही पळालास?” आई काही बोलली नसती, पण तिनं तोंड फिरवलं असतं आणि ते मला सहन झालं नसतं. पायांना मी मनातल्या मनात विनवलं, एकदाच ऐका रे माझं. पोटऱ्यांमध्ये मुंग्या चालल्यासारखं होत होतं. घड काळा पडला असेल असं वाटत होतं. दार दिसत होतं, दाराची कडी दिसत होती. मी कडीकडं बघायचं सोडून डब्याकडं बघत राहिलो. निखारे आता छान लाल झाले होते. दार उघडत नव्हतं ना कुणी.

डोकं जड झालं. वाटलं, रात्रभर जागलो, त्याचं असेल. जांभई आली, मग दुसरी आली. तोंडाला कोरड पडली होती आणि कपाळावर कुणीतरी हळूहळू काहीतरी घट्ट आवळत होतं. उस्तादांचं घोरणं ऐकू येत होतं, लांबून, पलीकडच्या गाडीतून यावं तसं. मला बरं वाटत होतं. मला उतरायचं नव्हतं. घड काळा पडो की हिरवा राहो.

पाय शांत होते.

ते मला सगळ्यांत शेवटी कळलं. मी गुडघ्यांवरचे हात कधीच काढले होते आणि तरी पाय शांत होते. जन्मल्यापासून पहिल्यांदा. मी मांडीकडं पाहिलं, ती दुसऱ्या कुणाची असावी असं वाटलं. आणि तिथं, त्या सुखाच्या गुंगीतच, मला अशी भीती वाटली की तशी त्यानंतर घाटातही कधी वाटली नाही. आईनं फटके मारून जे थांबलं नाही, उस्तादांनी नोकरीची धमकी देऊन जे थांबलं नाही, ते आपोआप कसं थांबलं?

मी पायाला म्हटलं, हल. तो हलला नाही.

कडी माझ्या हातात कशी आली ते मला आठवत नाही. दार उघडलं ते मी उघडलं असं नाही, मी त्यावर कोसळलो आणि ते उघडलं. मी खाली पडलो, तोंडावर. तोंडात माती गेली, आणि गार हवा गेली. मी पडल्या पडल्या ओकलो. उठता येईना. रांगत पायरीशी गेलो आणि आत हात घालून उस्तादांचं पाऊल धरलं.

“उस्ताद. उस्ताद, उठा. दार उघडलंय मी. शिव्या द्या.”

त्यांनी शिवी दिली नाही. चेहरा लालबुंद दिसत होता, निरोगी माणसाचा असावा तसा, आणि तोंड उघडं होतं. मी पाऊल ओढलं. ते माझ्यानं ओढवेना. मी ओरडलो असेन, कारण करमसिंग धुक्यातून धावत आले. त्यांनी केबिनमधला डबा बघितला आणि काही न विचारता उस्तादांना काखेत धरून खाली घेतलं, जणू ज्वारीचं पोतं.

“कोळसा आत घेतला?”

“हो.”

“काचा बंद?”

“हो.”

करमसिंग उस्तादांच्या छातीवर, गालांवर थापट्या मारू लागले. “आमच्याकडं दर थंडीत एखादी गाडी अशी असते बेटा. सकाळी सगळ्या गाड्या जातात, एक जात नाही. आम्ही दार वाजवतो. आतून कुणी बोलत नाही.”

मी उस्तादांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. त्यांचा श्वास चालला होता, पण कुठंतरी खोल, विहिरीतून ओढल्यासारखा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि रडत होतो. लाज वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस गेला तर अण्णांना कोण सांगणार ठेवा की नको, आणि मग वाटलं, खड्ड्यात गेली नोकरी, हा माणूस राहू दे.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. करमसिंग त्यांना कुशीवर वळवत होते तेवढ्यात ते ओकले, माझ्या मांडीवरच. मग त्यांनी वर बघितलं. मला ओळखलं की नाही कळेना.

“दार…” ते म्हणाले.

“उघडंच आहे, उस्ताद.”

“राहू दे.”

करमसिंगांनी त्यांना भट्टीपाशी खाटेवर निजवलं, सगळीकडून उघड्या जागेत, आणि आपल्या अंगावरची शाल त्यांच्यावर टाकली. जवळच्या गावातून डॉक्टर आणवला. त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले, आणि मला विचारलं, “आत किती वेळ होतात?” मी म्हटलं, सकाळपासून. तो म्हणाला, “शक्यच नाही. एवढा वेळ बंद केबिनमध्ये कोळशाच्या विषारी वायूत असतात तर दोघंही राहिला नसतात.”

“बंद नव्हती,” खाटेवरून उस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. “हा हरामखोर सारखा दार उघडत होता.”

दुसऱ्या दिवशी धुकं फिटलं. डॉक्टरनं उस्तादांना स्टिअरिंगला हात लावायला मनाई केली होती, म्हणून पुढची सगळी गाडी मी हाकली. उस्ताद शेजारी बसले होते, काच बोटभर उघडी ठेवून, आणि पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. ना दिव्यावर, ना ब्रेकवर. माझा जीव टांगणीला लागला होता. जम्मूला माल उतरला. बांधलेला घड हिरवा होता, गोधड्यांखालची केळीही चांगली निघाली. व्यापाऱ्यानं शाबासकी दिली ती उस्तादांनी ऐकली न ऐकल्यासारखी केली.

सावद्याला परत आलो तेव्हा भंगाळे अण्णा वखारीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आजूबाजूला हमाल, दुसरे ड्रायव्हर, सगळे होते. मी गाडीशी उभा राहिलो. पाय हलायला लागले. मी गुडघा दाबून धरला.

“काय कलिंदर? कसा आहे पोरगा?”

“बसता येत नाही याला,” उस्ताद म्हणाले.

मी मान खाली घातली.

“म्हणजे? नको?”

“माझ्या गाडीवरून काढायचा नाही, अण्णा. दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.” आणि मग सगळ्यांदेखत, कुणी विचारलं नसताना, त्यांनी डालड्याच्या डब्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. काचा कुणी बंद केल्या, फडका कुणी कोंबला, पोराला बसवून कुणी ठेवलं, तेही सांगितलं. एवढा नावाजलेला माणूस हमालांसमोर ते सांगत होता आणि मला कुठं बघावं कळत नव्हतं.

त्यानंतर उस्ताद गाडीवर होते तोवर मी त्यांच्याबरोबरच होतो. पुष्कळ थंड्या पाहिल्या आम्ही. आता मी पोरांना शिकवतो, आणि त्यांनी सांगितलेलं सगळं सांगतो. दिवा, पूल, मागचा लाल दिवा, बोटभर काच, आणि कोळशाचा डबा गाडीच्या आत नाही म्हणजे नाही. पोरं माना हलवतात.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगू शकत नाही, कारण ती शिकवायची नसते. थंडीत कुठंही गाडी थांबली, मी दमून डोळे मिटून पडलो, की पलीकडच्या सीटवर उस्तादांची झोप चाळवायची. घोरणं थांबायचं. ते हात लांब करून अंधुक उजेडात माझा गुडघा चाचपायचे आणि हळूच हलवायचे.

“सुपड्या,” ते म्हणायचे, “पाय का थांबला रे? हलव.”